निगडेबाईंची दुरुस्ती

सारोळ्याच्या फाट्याजवळच्या शाळेत लहान मुलांना लस टोचण्याचं काम चाललं होतं. दुपारी भोरहून आलेली एसटी थांबली आणि तिच्यातून निगडेबाईंचे धाकटे भाऊ अण्णा उतरले. एरवी अण्णा लांबूनच हाक मारत येतात. त्या दिवशी ते गुपचूप रस्ता ओलांडून आले, पायरीपाशी उभे राहिले आणि मी हातातली सुई खाली ठेवेपर्यंत थांबले. मग म्हणाले, "सुशीलाताई, अक्का गेली. आज सकाळी..." रांगेत अजून बाया उभ्या होत्या, कडेवर पोरं घेऊन. मी अण्णांना सावलीत बसवलं, पाणी दिलं, उरलेली सगळी मुलं टोचली आणि मगच त्यांच्याबरोबर भोरच्या गाडीत बसले. कुणाला हे निष्ठुर वाटेल. पण रांग अर्ध्यावर सोडून मी गेले असते, तर बाईंनी मिटल्या डोळ्यांनीही विचारलं असतं, "आणि बाकीची?"

डॉ. वत्सला निगडे जाऊन आता दीड महिना होत आला. गेल्यानंतर दोन दिवसांनी वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. त्यांत लिहिलं होतं की वेल्हे तालुक्यातल्या सुईणींना प्रशिक्षण देऊन नवजात मुलांचा धनुर्वात हटवण्याचं त्यांचं संशोधन देशोदेशी गाजलं आणि त्याचे दाखले मोठमोठ्या ग्रंथांत घेतले गेले. वाचून माझा जीव चरफडला. लिहिणाऱ्याचा काही दोष नाही, त्यानं कुणाला तरी विचारून लिहिलं असेल. पण तो जो गाजलेला निबंध, तोच चुकीचा आहे हे जगाला सांगण्यात बाईंनी आयुष्याची उरलेली सगळी वर्षं घालवली. त्यांच्यामागे त्यांच्या नावावर पुन्हा तोच चिकटावा... म्हणून मी हे लिहायला बसले.

बाईंचे वडील भोर संस्थानच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. मुलगी हुशार निघाली, पुण्याला जाऊन डॉक्टर झाली आणि तिथल्याच मेडिकल कॉलेजात शिकवू लागली. मी भोरच्या बौद्धवाड्यातली. आमचं घर बौद्ध झालं तेव्हा मी शाळेत होते, पुढे नर्सिंगला गेले, आणि परीक्षा पास होऊन नोकरी शोधत होते तेव्हा बाई वेल्ह्याला माणसं जमवत होत्या. पानशेतचं धरण फुटलं त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. कॉलेजनं वेल्ह्याला एक ग्रामीण केंद्र काढलं होतं. केंद्र म्हणजे तहसील कचेरीच्या मागे दोन खोल्या, एक जीप आणि डोंगर चढायची तयारी असलेली पाच-सहा माणसं. मुलाखतीत बाईंनी मला प्रश्न विचारला तो एकच, "पायात काटा मोडला तर स्वतः काढता येतो का?" मी म्हटलं, "येतो." "मग सोमवारपासून ये."

तेव्हा त्या डोंगरातल्या वस्त्यांवर एक रोग होता. मूल ठणठणीत जन्मायचं, रडायचं, प्यायचं. आठवड्याभरात एके दिवशी त्याचं तोंड मिटायचं ते उघडायचंच नाही. स्तन तोंडात घेता यायचा नाही, अंग धनुष्यासारखं मागे वाकायचं, आणि एक-दोन दिवसांत सगळं संपायचं. लोक म्हणायचे, सटवीनं नेलं. कारण साधं होतं. विळ्यानं नाळ कापायची आणि वर गोवरीची राख दाबायची, त्यातून धनुर्वात शिरायचा. बाईंनी गावोगावच्या सुईणी गोळा केल्या, त्यांना दाढीचं पातं आणि दोरा उकळून घ्यायला शिकवलं. दोन वर्षांनी आमची माणसं घरोघर गेली. मुलं किती, दगावली किती, असं विचारलं, उत्तरं लिहून घेतली. दगावलेली मुलं जवळजवळ नव्हतीच. बाईंना स्वतःलाही इतकं अपेक्षित नव्हतं. त्यांनी निबंध लिहिला, विभागप्रमुखांनी त्यावर आपलंही नाव घातलं, आणि तो विलायतेतल्या नामांकित मासिकात छापून आला.

मग जे झालं तसं आम्ही कुणी आधी पाहिलं नव्हतं. निबंधाची प्रत मागणारी कार्डं येऊ लागली. कुठल्या कुठल्या देशांची तिकिटं, न वाचता येणारी नावं. कॉलेजच्या ग्रंथालयात अमेरिकेतून एक जाडजूड सूची येऊ लागली होती. कुणाच्या निबंधाचा दाखला पुढे कुणाकुणाला घ्यावासा वाटला, ते तिच्यात सापडायचं. संशोधकाचं वजन म्हणजे किती निबंध छापले आणि त्यांचे किती दाखले निघाले, असं मोजायची पद्धत नुकती रुजत होती. प्रमुख ती सूची उघडून पाहुण्यांना दाखवायचे. "आमच्या निगडे!" त्यांच्या आवाजात खरा अभिमान होता. माणूस वाईट नव्हता तो. त्या निबंधामुळे केंद्राला अनुदान मिळालं, औषधं मिळाली. बाई लवकरच प्राध्यापक होणार हे सगळे धरून चालले होते. मला वाटतं, बाईही.

वेल्ह्याचा बाजारचा दिवस होता. तोरण्याच्या अंगाला असलेल्या एका वस्तीवरून हौसा नावाची तरुण बाई केंद्रात आली, बरोबर सासू. हौसाला ताप भरला होता आणि तिनं पदर छातीशी घट्ट आवळून धरला होता. मी पदर बाजूला केला. छाती दगडासारखी कडक झालेली, चोळी दुधानं भिजलेली.

बाईंनी विचारलं, "बाळाला कुणाजवळ ठेवून आलीस?"

"बाळ न्हाई."

"नाही म्हणजे?"

हौसा जमिनीकडं बघत राहिली. सासूच बोलली, "सटवीनं नेलं आठव्या दिशी. नाव ठिवायच्या आत गेलं. त्येला मूल म्हनत न्हाईत, डॉक्टरीनबाई."

"नाळ कुणी कापली होती?"

"आमच्या चंद्राबाईनं. तुमीच शिकिवलंय की तिला. पातं उकळलं व्हतं, दोरा उकळला व्हता. समदं केलं."

"आणि राख?"

"राख तर लावायलाच पायजे. त्याबिगर नाळ सुकती व्हय?"

बाईंनी हौसाचं दूध काढलं, कढत पाण्यानं शेकलं, औषध दिलं. सगळं झाल्यावर सासूसमोर उकिडव्या बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मावशी, मागं आमची माणसं तुमच्या घरी आली होती. घरात मूल दगावलंय का विचारलं होतं. तुम्ही नाही म्हणून सांगितलं."

"मालकांनी सांगितलं. खरंच सांगितलं त्यांनी. मूल दगावलं आसतं तर लपिवलं आसतं का?"

"मग ह्याच्या आधी कधी असं...?"

तेव्हा हौसानं पहिल्यांदा वर पाहिलं. "आदी बी एक झालंय," ती म्हणाली. "मुलगी व्हती."

त्या दोघी गेल्यावर बाई रिकाम्या खाटेच्या कडेवर बसल्या. बाहेर बाजार उठत होता, बैलगाड्या जुंपत होत्या. मी चहा आणून ठेवला, तो गार झाला. मग त्या म्हणाल्या, "सुशीला, आपण मरण विचारत गेलो आणि लोकांनी आपल्याला खरं तेच सांगितलं. जे मूलच नाही, ते मरेल कसं?" आणि पुढं म्हणाल्या, "तिथं आफ्रिकेत कुणीतरी आपला निबंध वाचून फक्त पाती वाटत असेल आत्ता."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आल्या तेव्हा चेहऱ्यावर कालच्या संध्याकाळचा मागमूस नव्हता. सगळ्यांना बसवून म्हणाल्या, "पुन्हा मोजायचं. सगळी घरं. पण मेलेलं मूल कुणी विचारायचं नाही. पाचवी किती वेळा पुजली ते विचारायचं, आणि बारसं किती वेळा झालं ते विचारायचं." सुरुवातीला आमच्या ध्यानात आलं नाही. मग आलं. पाचव्या दिवशी मूल जिवंत असतं, म्हणून सटवाईची पूजा होते. बाराव्या दिवशी ते नसतं, म्हणून नाव ठेवलं जात नाही. पाचवी झाली आणि बारसं झालं नाही, त्या मधल्या आठवड्यात आमची सगळी चूक दडलेली होती. आमच्या बौद्ध घरांतून पाचवी पुजणं बंद झालं होतं. तिथं मी सांगितलं की पाचवीऐवजी बाळंतिणीचा शेक किती बाळंतपणांत झाला ते विचारू, आणि बाईंनी ते लगेच मान्य केलं. आणखी एक बदल केला. पुरुषांना विचारायचं नाही. ओट्यावर खाट टाकून कारभाऱ्याशी बोलायचं बंद. परसात जायचं, पाणवठ्यावर जायचं, जिथं बायका बसतात तिथं बसायचं.

दिवाळी झाल्यावर सुरू केलं ते शिमग्यापर्यंत चाललं. काही वस्त्यांवर जीप जातच नव्हती, तिथं बाई आमच्याबरोबर चालायच्या. पाचवी म्हटलं की बायका खुलून बोलायच्या, कुणी पाटा मांडला, कुणी नारळ आणला. आणि मग बारशाचं विचारलं की बोलणं तुटायचं. एक म्हातारी आजी नुसता हात हलवून आत निघून गेली. एक जण म्हणाली, "इतक्या वर्सांत ह्ये कुनी इचारलं न्हाई बाई..." आणि बाईंचा हात धरून बसली, सोडेचना. बाईंनी तो सोडवून घेतला नाही. संध्याकाळ होईपर्यंत आम्ही पुढच्या घरी गेलो नाही त्या दिवशी.

बेरीज झाली तेव्हा पहिला निबंध टिकणारा नव्हता. पाती उकळल्यानं फरक पडला होता, नाही असं नाही, पण छापला होता तेवढा कुठंच नव्हता. बाई पुण्याला प्रमुखांकडे गेल्या, मला बरोबर नेलं होतं, कागद दाखवायला. प्रमुखांनी सगळं नीट पाहिलं. मग चष्मा काढून म्हणाले, "निगडे, पाहणीत थोडं इकडे तिकडे होतंच. पुढच्या निबंधात हळूच सुधारून घ्या. माफीनामा छापायची काही गरज नाही."

"सर, ही इकडे तिकडे झालेली मुलं आहेत," बाई म्हणाल्या.

"त्या निबंधावर तुमचं केंद्र चाललंय. तुमची प्राध्यापकी त्यावर आहे. दुरुस्ती छापलीत तर अनुदान देणारे पहिला प्रश्न काय विचारतील, माहीत आहे?"

"माहीत आहे."

"मी सही करणार नाही."

"मग मी एकटीच्या नावानं पाठवते," बाईंनी शांतपणे सांगितलं आणि कागद उचलले. जिना उतरल्या आणि सरळ पोस्टात गेल्या.

दुरुस्ती छापून आली ती पानाच्या तळाशी, दोन बोटं रुंदीची, बारीक अक्षरात. कुणाच्या नजरेला पडू नये अशी. अनुदान मात्र लगेच आटलं. जीप गेली, माणसं कमी झाली, मलाही जिल्ह्याच्या नोकरीत जावं लागलं. बाई एसटीनं वेल्ह्याला येत राहिल्या, आठवड्याला दोनदा, रजा टाकून. परदेशात कुणी गरोदर आईलाच धनुर्वाताची लस देऊन पाहत होते, आईचं रक्त बाळाला वाचवतं असं दिसत होतं. बाईंनी तेच हाती घेतलं. सुई म्हटली की बायका पळायच्या, पोटातलं पडेल म्हणायच्या. पहिल्यांदा दंड पुढं केला तो हौसानं. ती पुन्हा गरोदर होती. "घाला," म्हणाली, "आता भ्यायाचं काय राह्यलंय?" तिला मुलगी झाली, तिच्या बारशाला मी रजा काढून गेले होते. बाईंनी पाळण्याची दोरी धरली, पण गाणं त्यांना येत नव्हतं. मग आम्ही बायकांनी म्हटलं.

या कामाचा निबंध खरा होता, मोजणी पाचवीची आणि बारशाची होती, आणि मुलं खरोखर वाचली होती. विलायतेतल्या मासिकानं तो परत पाठवला. इथल्या एका लहान मासिकात तो आला, आणि सूचीत त्याच्या नावापुढं जवळपास काहीच आलं नाही. पहिल्या निबंधाचे दाखले मात्र वाढतच चालले! एकानं घेतला म्हणून दुसऱ्यानं, दुसऱ्यानं घेतला म्हणून तिसऱ्यानं. दुरुस्ती कुणी वाचलीच नव्हती. प्राध्यापकीच्या मुलाखतीत त्यांना विचारलं, तुमचे निबंध इतके थोडे कसे. बाई म्हणाल्या, "त्यातला एक मी स्वतःच चुकीचा ठरवलाय. तोही वजा करा." जागा दुसऱ्याला गेली. हे त्यांनी मला भोरच्या घरी कांदे चिरता चिरता सांगितलं. डोळ्यांत पाणी होतं ते कांद्याचंच, असं मी धरून चालले.

पण त्या बसून राहिल्या नाहीत. सूचीचा नवा खंड आला की त्या ग्रंथालयात जायच्या, पहिल्या निबंधाचा दाखला घेणाऱ्या प्रत्येकाचा पत्ता काढायच्या आणि त्याला पत्र लिहायच्या. आपण घेतलेला आमचा आकडा चुकीचा आहे, खरा आकडा हा, खरा उपाय हा. रविवारी मी भोरला असले की आम्ही दोघी मिळून पाकिटं चिकटवायचो. अण्णा चिडायचे, "अक्का, आपल्याच तोंडाला काळं फासायला पोस्टाचा खर्च कशाला गं?" बाई हसायच्या. उत्तरं थोडी यायची. एकानं कळवलं, पुस्तकाची पुढची आवृत्ती निघाली तर बघू. एकानं उलट यांनाच सुनावलं. बहुतेक गप्पच. एकदा मात्र आफ्रिकेतल्या एका मिशनच्या दवाखान्यातून तिथल्या डॉक्टरीणबाईंचं पत्र आलं. त्यांनी दोन वर्षं नुसत्या सुईणी शिकवल्या होत्या, तरी मुलं का जातात ते कळत नव्हतं. पत्र वाचून त्यांनी लस मागवली होती, आणि तिकडच्या बायकांना काय विचारावं, त्यांच्याकडं नाव कितव्या दिवशी ठेवतात, असं सगळं लिहिलं होतं. बाईंनी ते पत्र मला मोठ्यानं वाचून दाखवलं, मग अण्णांना बोलावून पुन्हा वाचलं, आणि स्वतः जाऊन बाजारातून जिलबी घेऊन आल्या. प्राध्यापक झाल्या असत्या तरी याहून जास्त आनंद झाला नसता त्यांना, हे मी खात्रीनं सांगते.

शेवटची तीन-चार वर्षं कंपवातानं त्यांना धरलं. उजवा हात थरथरायचा, कप बशीवर वाजायचा. त्यांनी नोकरी सोडली, भोरला भावाकडं राहायला आल्या. पत्रं मी लिहायची, त्या सांगायच्या. कधी कधी एखादं वाक्य सांगताना अडकायच्या आणि डोळे मिटून थांबायच्या... मला वाटायचं डोळा लागला. मग एकदम खणखणीत आवाजात म्हणायच्या, "खोडलंस का ते? नवीन लिही."

गेल्या आठवड्यात मी कामासाठी पुण्याला गेले होते. वेळ होता म्हणून कॉलेजच्या ग्रंथालयात गेले. बाईंचे निबंध मी आजवर सुट्या प्रतींतच पाहिले होते, बांधलेल्या खंडात कधी नाही. तिथल्या ग्रंथपालांना मी बाईंचं नाव सांगितलं, तर त्यांनी काही न विचारता तो जुना खंड काढून टेबलावर ठेवला. "निगडेबाई दरवर्षी यायच्या ह्याच्यासाठी," ते म्हणाले. "पुस्तकात लिहू देत नाही आम्ही कुणाला. त्यांना दिलं."

मी पान उघडलं. निबंधाच्या नावावर, कोऱ्या समासात, पेन्सिलीनं एक ओळ होती: यातील आकडे चुकीचे आहेत, दुरुस्ती अमुक खंडात अमुक पानावर पाहा. मराठीत आणि खाली इंग्रजीत. "पेन्सिल पुसट होते ना," ग्रंथपाल म्हणाले, "म्हणून दरवर्षी येऊन गिरवायच्या. यंदाही आल्या होत्या, भावाचा हात धरून. मी म्हटलं, बाई, मी गिरवतो. तर म्हणाल्या, नको, चूक माझी आहे ती."

मी खंड खिडकीपाशी उजेडात नेला. पुसट झालेलं बाईंचं ते जुनं अक्षर होतं, ताठ, गोल, भोरच्या शाळेत घोटून घेतलेलं. त्यावरून यंदाची रेघ गेली होती. जागोजागी ती सुटली होती, बाहेर गेली होती, पुन्हा वळून अक्षरावर आली होती... आणि ओळीच्या शेवटापर्यंत पोचली होती.